बरणीतले अण्णा

अण्णांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारची जेवणं उरकली होती, वीज सकाळपासून नव्हती, आणि आमचा बंद घाणा एकदा करकरला.

एकदाच. मग पुन्हा शांत.

शकुआत्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिने सुपारी कातरायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, लाकूड आहे आत्या, उन्हाने तापलं की बोलतं. आत्या म्हणाली, बोलू दे की, पण हे लाकूड रोज जेवण झाल्यावरच कसं बोलतं? आई मागे भांडी घासायला गेली होती, नाहीतर तिने काहीतरी बोलून विषय मिटवला असता.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लोणंदहून दहाव्यापर्यंत राहायला आली होती, आणि येताना स्वतःची उशी, स्वतःचा अडकित्ता आणि सगळ्या गोष्टींची कारणं घेऊन आली होती. तो आवाज कशाचा हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. अण्णा फळीवर येऊन बसतात.

तिचं म्हणणं वेडेपणाचं होतं, पण आवाज खरोखर तोच होता. अण्णा फळीवर बसताना घाणा असाच करकरायचा.

ही फळी सांगितली पाहिजे. आमचा लाकडी घाणा आजोबांच्या वेळचा. मधे मोठं उखळ, त्यात तिरकी फिरणारी लाट, आणि लाटेला जोडलेली जमिनीलगतची एक जाड फळी. पूर्वी बैल ही फळी गोल ओढायचा आणि हाकणारा माणूस फळीवर बसून फिरायचा. तो आरामासाठी बसत नसे. फळीवर वजन असलं तरच लाट दाबते आणि शेंगदाण्यातून तेल सुटतं. पुढे बैल म्हातारा होऊन गेला, अण्णांनी मोटर जोडली, पण ते स्वतः काही फळीवरून उतरले नाहीत. मोटर फिरायची, लाट फिरायची आणि अण्णा पेपर वाचत गोल गोल फिरायचे. गिऱ्हाईक दारात उभं राहून वाक्य अर्धं बोलायचं, अण्णा पलीकडे जायचे, परत समोर आले की उरलेलं अर्धं. पुण्याची माणसं आरोग्यासाठी घाण्याचं तेल न्यायला आमच्याकडे यायची, ती अण्णांचा व्हिडिओ काढायची. अण्णा प्रत्येक व्हिडिओत त्याच पानावर असायचे.

मग अण्णांच्या छातीत दुखलं, आणि डॉक्टरांनी तेल बंद केलं. अगदी बंद नाही, दिवसाला दोन चमचे. शिवाय वजन उतरवायला सांगितलं. हे डॉक्टर स्वतः आमच्याकडचंच तेल न्यायचे आणि दवाखान्यात सगळ्यांना सांगायचे की रिफाइंड सोडा, किर्व्यांच्या घाण्याचं खा, हृदयाला चांगलं असतं. अण्णांनी विचारलं, मग माझ्या हृदयाला काय झालंय? डॉक्टर म्हणाले, "तुमचं व्हायचं ते आधीच होऊन गेलंय, अण्णा." आणि पाच लिटरचा डबा घेऊन गेले.

अण्णांनी पथ्य पाळलं. पंचाईत अशी झाली, की अण्णांचं वजन उतरलं तसं तेल उतरायचं कमी झालं. लाट पुरेशी दाबेना. मग अण्णांनी मागच्या अंगणातला जुना पाटा आणून फळीवर स्वतःच्या शेजारी ठेवला. दिवाळीनंतर त्यांचं आणखी वजन गेलं, तेव्हा त्यावर वरवंटा आला. मग नदीवरचा एक धोंडा. शेवटी शेवटी फळीवर अण्णा कमी आणि दगड जास्त होते. मी म्हणायचो, अण्णा, पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्ही पूर्ण दगडाचे होणार. अण्णा म्हणायचे, बरंय की, दगडाला पथ्य नसतं.

छायादान आत्यानेच सुरू करायला लावलं. लोणंदच्या कुणा ज्योतिषाने तिला सांगितलं होतं की दत्तूला, म्हणजे अण्णांना, साडेसाती लागली आहे. उपाय सोपा. शनिवारी लोखंडी वाटीत तेल घ्यायचं, त्यात स्वतःचं तोंड बघायचं, आणि ते तेल शनीच्या देवळात देऊन टाकायचं. तोंडाबरोबर पीडाही जाते. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. तेल घरात ठेवायचं नाही, आणि कुणी ते खायचं नाही. जो खाईल त्याच्यावर सगळं येतं. शनीला तिळाचं तेल लागतं, आमच्याकडे शेंगदाण्याचं. अण्णा म्हणाले, शनीने घरचं समजून घ्यावं.

तर दर शनिवारी सकाळी आई वाटी समोर धरायची आणि अण्णा तिच्यात वाकून बघायचे. घाण्याचं ताजं तेल सोनेरी, जरासं गढूळ असतं. त्यात माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो. अण्णा कधी भांग नीट करायचे, कधी म्हणायचे, "सुमन, आज तेल जरा थकलेलं दिसतंय." मग आई पदराखाली वाटी घेऊन देवळाकडे जायची आणि रिकामी वाटी घेऊन परत यायची. संध्याकाळी आत्याचा फोन यायचा, दिलं का. आई सांगायची, दिलं, वन्सं.

असं वर्षभर चाललं. अण्णा उतरत गेले. आईचं मात्र त्या वर्षी बरं चाललं होतं. आधी ती जिना आडवी होऊन, एकेक पायरी उतरायची. दिवाळीनंतर ती सरळ उतरायला लागली. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, गुडघ्याला काय लावलंस गं. आई म्हणायची, काही नाही. आमचं सगळं लक्ष अण्णांच्या छातीकडे होतं. आईच्या गुडघ्यांकडे बघायला घरात कुणाला फुरसत नव्हती.

अण्णा गेले तेही शनिवारीच. सकाळी वाटीत बघितलं, आईने वाटी घाण्याच्या कोनाड्यात ठेवली, म्हणाली, भाकरी टाकून जाते देवळात. अण्णांनी उखळात शेंगदाणे घातले, बटण दाबलं, पेपर घेतला आणि बसले. नंतर कधीतरी फिरता फिरता ते गेले. नक्की कधी ते कुणालाच माहीत नाही, कारण ते फिरत होते. पेपर मांडीवर होता, पाठीला दगडांचा टेकू होता. साताऱ्याचं एक गिऱ्हाईक दारात उभं राहून त्यांच्याशी भावाची घासाघीस करत होतं. अण्णा समोर यायचे, काही न बोलता पुढे जायचे. गिऱ्हाईकाला वाटलं, हे भाव सोडत नाहीत. बिचाऱ्याने प्रत्येक फेरीला स्वतःहून थोडा थोडा भाव वाढवून दिला. शेवटी तो आम्ही सांगितलेल्या भावाच्याही वर गेला, तरी अण्णा गप्पच. तेव्हा त्याने मला हाक मारली, की तुमचे वडील रागावलेत वाटतं.

मी बटण बंद केलं. घाणा करकरून थांबला. अण्णा आमच्याकडे तोंड करून थांबले.

ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली आणि बरेच जण हसले. मीही हसवायच्या बेतानेच सांगतो. पण त्या फेऱ्यांमधली एखादी फेरी मी रोज कुठे ना कुठे बघतो. पंख्यात, गाडीच्या चाकात, मिक्सरच्या भांड्यात. अण्णा समोर येतात, पुढे जातात.

त्या धांदलीत कोनाड्यातली वाटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या नजरेस पडली आणि आत्या खाली बसली. तिच्या दृष्टीने सरळ हिशोब होता. दत्तूने तोंड बघितलं, तेल दिलं गेलं नाही, म्हणजे दत्तूचं तोंड घरातच अडकलं. आता ते देवळात दिल्याशिवाय तो सुटायचा नाही. पण सुतकात देवळात जाता येत नाही. म्हणून दहावं होईपर्यंत तेल जपून ठेवायचं, थेंबही कमी होता कामा नये. तिने ते लोणच्याच्या एका काचेच्या बरणीत ओतलं, बरणी त्याच कोनाड्यात ठेवून वर ताटली झाकली, आणि बाहेरून कोळशाने तेलाच्या पातळीची रेघ मारली. अण्णा तेवढे होते. रेघेपर्यंत.

त्या दिवसांत आई कमीच बोलायची. समाचाराला येणारे विचारायचे, कसे हो गेले अण्णा. आई म्हणायची, फळीवर होते. एवढंच. 'गेले' हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. दूधवाल्याने विचारलं, अण्णांचं दूध कमी करू का, तर म्हणाली, राहू दे.

आणि बरणीतलं तेल कमी व्हायला लागलं.

पहिल्या दिवशी रेघेच्या खाली नखाएवढं. मी म्हणालो, मुरलं असेल. काचेत तेल मुरतं का, असं आत्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. मी उंदरावर आळ घेतला. आत्या म्हणाली, हा उंदीर ताटली उचलतो, तेल पितो आणि ताटली पुन्हा झाकून ठेवतो? चांगल्या घरचा दिसतो. घरात तर तेलाला कुणी हात लावत नव्हतं. सुतकात फोडणी नसते. तेल्याच्या घरात आम्ही आठवडाभर बिनतेलाचं पिठलं खात होतो, त्याची चव घरातल्या सगळ्यांसारखीच होती.

तेव्हा आत्याने शेवटचं कारण काढलं. दत्तूच येतो. फळीवर बसतो आणि स्वतःचं तेल खातो. जिवंतपणी दोन दोन चमचे मोजून दिले तुम्ही त्याला, आता मोजणारं कुणी नाही. हे बोलून ती रडली. रडता रडताच म्हणाली, की तो असाच खात राहिला तर दहाव्यापर्यंत बरणीत काही उरणार नाही, आणि मग काय घेऊन जायचं देवळात? भाऊ कायमचा या घाण्याला जुंपलेला राहील, बैलासारखा.

मला हसू यायला हवं होतं. मेलेला माणूस पथ्य मोडतो, यापेक्षा चांगला विनोद माझ्या आयुष्यात पुन्हा घडणार नव्हता. पण मी बरणीकडे बघितलं, रेघेखालची रिकामी काच बघितली, आणि माझ्या मनात आलं, की खाऊ देत की.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी घाण्यात जाऊन शेंगांच्या पोत्यांमागे बसलो. खिडक्या बंद, पत्रा तापलेला, सगळीकडे तेलाचा आणि पेंडीचा वास. हा वास अण्णांच्या सदऱ्याचा होता. उखळात त्यांनी घातलेले शेवटचे शेंगदाणे अर्धवट चिरडून तसेच पडले होते, काढायचा धीर कुणाला झाला नव्हता. फळीवर दगड होते आणि दगडांच्या शेजारी एक रिकामी जागा. मला भुताची भीती वाटत नव्हती. अण्णांची वाटत होती. भरदिवसा पोत्यांमागे लपून बसलोय हे बघून ते काय म्हणाले असते, तेवढंच मनात येत होतं.

कडी वाजली. दार उघडलं, लागलं. पावलं कोनाड्याशी थांबली, ताटली सरकली. मग फळी करकरली.

मी डोळे मिटले होते. उघडून पोत्यावरून बघितलं, तर अण्णांच्या जागेवर आई बसली होती. मांडीवर फडक्यात भाकरी, शेजारच्या पाट्यावर चटणी. बरणी तिरकी करून ती चटणीवर तेल घेत होती, बेताबेताने, जसं नेहमी वाढताना घेते.

"आई."

ती दचकली नाही. तोंडातला घास चावून संपवला.

"उंदीर धरायला बसलास का?"

"आत्याला वाटतं अण्णा येतात."

"आणि तुला?"

मी उठलो. पोत्यांमागून बाहेर आलो, अंगाला शेंगांची टरफलं चिकटली होती.

"हे तेल खायचं नसतं," मी म्हणालो.

"माहितीये."

"खाईल त्याच्यावर येतं म्हणतात."

"म्हणून तर खाते."

मग तिने सांगितलं, भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत, खाली बघून. पहिल्या शनिवारी ती खरंच देवळापर्यंत गेली होती. पायरीवर वाटी घेऊन उभी राहिली आणि तिला वाटलं, हे इथून पुढे कुणाच्या तरी माथी जाणारच. मग ते आपल्याच का नको? ती परत आली, घाण्यामागे बसली आणि भाकरीशी ते सगळं तेल खाल्लं. त्यानंतर दर शनिवारी. वर्षभर. अण्णांना सांगायची दिलं, आत्याला सांगायची दिलं.

"एक थेंब वाया घालवला नाही मी," आई म्हणाली. "मग माझ्यावर यायला पाहिजे होतं का नको, पंकज? साधा ताप आला नाही. सर्दी नाही."

ती थांबली. पुढचं वाक्य तिने चोरी कबूल करावी तसं काढलं.

"गुडघे बरे झाले माझे."

बाहेर कुठेतरी कावळा ओरडत होता.

"त्यांना दोन चमचे द्यायचे, तेही मोजून. आणि मी त्यांच्या तोंडाचं वाटी वाटी तेल खाऊन अशी ठणठणीत. ते वाळत गेले नि मी जिने चढत गेले."

"मग आता कशाला खातेस? अण्णा तर..."

"शेवटचं आहे," ती म्हणाली. "याने तरी येईल."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला कळायला थोडा वेळ लागला. आई जेवत नव्हती. आई वाट बघत होती.

मी धोंडा उचलून खाली ठेवला, फळीवर तिच्या शेजारी बसलो, तिच्या फडक्यातली भाकरी मोडली आणि तेलात बुडवली. घास तोंडाशी गेला तसा तिने माझ्या हातावर फटका मारला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"ठेव ते."

"का?"

"ठेव म्हणते ना. तुझं वय आहे का हे अंगावर घ्यायचं?"

"तू खाशील तेवढं मी खाणार. निम्मं तुला, निम्मं मला. बरणी संपेपर्यंत."

"थट्टा करू नकोस, पंकज."

"मी थट्टा करत नाहीये," मी म्हणालो, आणि मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, कारण मी खरंच करत नव्हतो.

तिने बरणी पोटाशी धरली. मी सोडवायला लागलो, ती सोडेना. अशी आमची झटापट चालली असताना दारातून आत्या म्हणाली, "सांडाल."

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आईने बरणी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दर शनिवारी मला फोनवर सांगायचीस, दिलं," आत्या म्हणाली.

"सांगायचे, वन्सं."

"म्हणजे त्याचं कधी गेलंच नाही."

"नाही."

"आणि तुझ्यावरही आलं नाही."

"नाही."

"मग ते आहे कुठं?"

आम्ही तिघांनी एकदमच घाण्याकडे बघितलं. उखळ, लाट, अर्धवट चिरडलेले शेंगदाणे. मला वाटलं, आता आत्या जे बोलेल त्याने हे घर दोन तुकडे होईल. भावाचं मरण कुणाच्या तरी पदरात टाकायची याहून सोपी संधी तिला मिळणार नव्हती. आत्या बराच वेळ आईच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

"साडेसात भागिले तीन किती रे?" तिने मला विचारलं.

"अडीच."

"अडीच वर्षं म्हणजे काही फार नाही," आत्या म्हणाली. "तेवढं मीही काढीन. माझं लहानपण त्याला कडेवर घेऊन गेलंय. सरक, सुमन."

आई सरकली. मी पाटाही उतरवला. आत्या हळूहळू, माझ्या खांद्याचा आधार घेत, फळीच्या टोकाला बसली, आणि फळी कधी नव्हे इतकी खाली गेली. घाणा आतून लांबलचक करकरला. मग उखळाच्या तोटीतून, अण्णांनी घातलेल्या त्या शेवटच्या शेंगदाण्यांतून, थोडं तेल आलं. मोटर बंद, वीज नाही, काही फिरत नव्हतं. आमच्या तिघांच्या वजनाने ते आलं, हे मला कळत होतं. तरी आमच्यातलं कुणी हललं नाही. तोटीखाली काही ठेवलेलं नव्हतं. तेल जमिनीवर पडत राहिलं आणि जमिनीने ते घेतलं.

मग आम्ही जेवलो. आईने भाकरीचे तीन वाटे केले. आत्याने तिला, चटणीत लसूण कमी आहे, असं सांगितलं. आई म्हणाली, ह्यांना कमी लागायचा. चव कशी होती म्हणाल, तर चांगली होती. आठवडाभराच्या पिठल्यानंतर खूपच चांगली. याची मला लाज वाटली आणि मी आणखी एक घास घेतला.

तेल रेघेपासून उतरत उतरत तळाला गेलं. उरलेलं आईने भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने बरणीच्या आतून फिरवून पुसून घेतलं, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि त्याचे तीन बारके तुकडे केले.

आत्याने आपला खाल्ला, हात पदराला पुसला आणि खालच्या आवाजात विचारलं, "बघ गं. आहे का?"

आईने बरणी उचलून दाराच्या फटीतल्या उजेडात धरली. आत बघितलं. वर्षभर दर शनिवारी ती बरोबर याच उंचीवर वाटी धरायची. बरणी तिने जरा कलती केली, पुन्हा सरळ केली.

"गेले," आई म्हणाली.

तिने बरणी खाली ठेवली, ताटली झाकली आणि मग रडली. आत्याने तिला रडू दिलं. मी भिंतीकडे बघत बसलो.

ऊन पत्र्यावरून उतरलं तसे आम्ही उठलो. आधी आत्या, मग आई, मग मी. आमचं वजन गेलं तशी फळी हळूच वर आली. आम्ही दारापर्यंत गेलो होतो, तेव्हा मागे घाणा पुन्हा एकदा करकरला. बसतानाचा आवाज आम्हाला पाठ होता. हा तो नव्हता.

हा कुणीतरी उतरल्याचा होता.